तारेचे प्रवर्तक सॅम्युएल मोर्स

वाचकहो, दारीं तारवाला आला म्हणजे काळजांत कसें धस्स होत असे, हें आपल्यांतील वडील मंडळींस आठवत असेल. आपल्या देशांतील ती तारसेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली. तथापि ज्यांच्या नांवानें तारेची लिपि ओळखली जाते, त्या मोर्ससाहेबांचें चरित्र अद्याप विचार करण्याजोगें आहे.

सॅम्युएल मोर्स यांचा जन्म अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत चार्ल्सटाउन येथें २७ एप्रिल १७९१ रोजीं झाला. त्यांचे वडील जेडिडाया मोर्स हे पाळक असून भूगोलावरील ग्रंथांमुळें प्रसिद्ध होते. १८१० सालीं येल कॉलेजांतील शिक्षण संपल्यावर सॅम्युएल यांनीं चित्रकारी पत्करिली, व ती कला शिकण्यासाठीं ते इंग्लंडास गेले.

१८२५ च्या फेब्रुवारींत ते वॉशिंग्टन शहरीं एक मोठें चित्र काढण्यांत गुंतले असतां, इकडे न्यू हेवन येथें त्यांची पत्नी लुक्रेशिया अकस्मात् वारली. पत्र हातीं पडून ते घरीं पोंचले, तों तिला मूठमाती देऊन झाली होती. त्या काळीं बातमी घोड्याच्या किंवा जहाजाच्याच वेगानें चालत असे.

१८३२ सालीं युरोपाहून सली नांवाच्या जहाजानें परत येतांना एका सहप्रवाशाशीं विद्युच्चुंबकाविषयीं संभाषण झालें, आणि विजेच्या योगानें निरोप पाठवितां येईल ही कल्पना मोर्स यांच्या मनांत भरली. पुढील बारा वर्षें खटपटींत गेलीं. हें काम त्यांनीं एकट्यानेंच केलें असें मात्र समजूं नये. जोसेफ हेन्री यांच्या शोधांवांचून वीज दूरवर काम देती ना. तें ज्ञान लिओनार्ड गेल यांनीं मोर्स यांस करून दिलें, आणि आल्फ्रेड व्हेल यांनीं यंत्र सुधारिलें. १८४३ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें ३०,००० डॉलर मंजूर केले. २४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टनाहून सुमारें ४० मैलांवरील बाल्टिमोरास जो निरोप गेला, तो गणना २३:२३ या वचनांतला होता. तें वचन ॲनी एल्सवर्थ नांवाच्या तरुणीनें निवडिलें होतें.

इंग्रजी ई अक्षराला एक ठिपका, टी ला एक रेघ, अशी ही लिपि आहे. यंत्रानें हीं चिन्हें कागदाच्या पट्टीवर उमटवावीं, असा मोर्ससाहेबांचा हेतु होता. परंतु तारमास्तर नुसता कडकट्ट आवाज ऐकूनच अक्षरें ओळखूं लागले, व पट्टी मागें पडली. पुढें बिनतारी संदेश निघाल्यावर कडकट्टाच्या जागीं शिटीसारखा सूर आला. २००३ पासून या लिपीची परीक्षा आंतरराष्ट्रीय नियमानें सक्तीची राहिली नाहीं. तरी हौशी रेडिओवाले आजहि ती कानांनीं वाचितात. पुष्कळ जण सेकंदास ६०० ते ७०० कंपनांचा सूर पसंत करितात. आपलें यंत्र समोरच्याच्या लहरीवर नीट नसेल तर सूर उंच किंवा खालीं लागतो. म्हणून कांहीं जण कंपनें मोजणारें लहानसें यंत्र जवळ ठेवितात, व ठरलेला आंकडा दिसेपर्यंत सूर जुळवितात. एक ठिपका सेकंदाचा अल्पसा अंशच टिकत असल्यानें तेवढ्यांत मोजणी बरोबर होत नाहीं. समोरच्यानें कळ कांहीं वेळ दाबून धरावी लागते. शिवाय आंकड्यावरून सूर कळतो, निरोप कळत नाहीं. निरोपासाठीं कानच लागतो.

आतां एक दुःखाची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ज्यांनीं दूरचा निरोप क्षणांत पोंचविला, त्यांनीं जवळचा आक्रोश ऐकिला नाहीं. अमेरिकेंत आफ्रिकी वंशाचे लाखों स्त्रीपुरुष दास्यांत पिचत असतां मोर्ससाहेबांनीं त्या दास्याचें लेखणीनें समर्थन केलें, व पवित्र शास्त्राचा आधार त्याला लाविला. परदेशांतून आलेल्या रोमन कॅथलिक लोकांविषयींहि त्यांच्या मनांत द्वेष होता. २ एप्रिल १८७२ रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांचा अंत झाला.

बंधुभगिनींनो, त्यांच्या हातून झालेल्या कामाबद्दल आपण कृतज्ञ असावें, पण त्यांची चूक झांकूं नये. पाळकाच्या घरीं वाढलेल्या, शास्त्र जाणणाऱ्या माणसाचा कानहि असा बंद राहूं शकतो. आपल्या गांवांत वेशीबाहेरच्या माणसाची हाक आपल्याला ऐकूं येते कीं नाहीं, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं तपासून पाहावें.