कमला सोहोनी : एका जीवरसायनज्ञाचे चरित्र

दूध वरकरणी एकजिनसी दिसते. वस्तुतः ते निव्वळ द्रावण नव्हे. केसीन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण त्यात विरघळलेले नसून तरंगत असतात. अशा अवस्थेस शास्त्रीय परिभाषेत कलिल म्हणतात. हे कण आणि स्निग्धांशाचे बिंदू प्रकाश विखुरतात, म्हणून दूध शुभ्र दिसते. आम्लता वाढली की कण एकत्र येतात आणि दूध फाटते. घरोघरच्या गृहिणीस अनुभवाने ठाऊक असलेल्या अशा पदार्थांतील प्रथिने हाच ज्यांच्या संशोधनाचा आरंभबिंदू ठरला, त्या कमला सोहोनी होत.

माहेरच्या त्या भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनज्ञ. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठी साहित्यात व लोकसंस्कृतीच्या अभ्यासात अग्रगण्य झाली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन करून कमलाबाईंनी वडिलांच्याच संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. तो फेटाळण्यात आला. कारण एकच : त्या स्त्री होत्या.

संस्थेचे संचालक त्यावेळी चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. कलकत्त्यात बहुबाजारच्या प्रयोगशाळेत द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करीत असता १९२८ मध्ये त्यांनी लावलेल्या शोधास १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. द्रवातील प्रकाशाचे सूक्ष्म परिवर्तन टिपणाऱ्या या महापुरुषास समाजातील परिवर्तन मात्र दिसले नाही. कमलाबाईंनी बंगलोर गाठले आणि गांधीजींच्या मार्गाने संचालकांच्या दारी सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर : पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या आणि त्यांच्यामुळे इतरांचे चित्त विचलित होता कामा नये. त्यांनी अटी मान्य केल्या. त्यांतील अवमान मात्र त्या कधी विसरल्या नाहीत.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम्. एस्‌सी. पदवी मिळविली. त्यांचे काम पाहून रामन यांचा आक्षेप मावळला व संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिज येथे रॉबिन हिल यांच्यासमवेत बटाट्यावर प्रयोग करताना, पेशींच्या श्वसनक्रियेशी निगडित असलेले सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींतही असल्याचे त्यांनी दाखविले. या विषयावरील अवघ्या ४० पृष्ठांच्या प्रबंधास १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

स्वदेशी परतल्यावर दिल्ली व कुन्नूर येथे त्यांनी काम केले. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. येथे त्यांचे संशोधन सामान्यांच्या ताटाशी येऊन ठेपले. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एंझाइमास अवरोध करणारी द्रव्ये असतात व ती प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. त्यांचा शोध त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह घेतला. डाळ शिजवून खाण्याच्या आपल्या परंपरेचे शास्त्रीय मर्म यात आहे, कारण उष्णतेने या द्रव्यांचा बराचसा प्रभाव नष्ट होतो. पहाटे गोड असणारी आणि ऊन चढताच आंबू लागणारी नीरा हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांना तिचा उपयोग होऊ शकेल, असे त्यांनी दाखविले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. आरे दूध प्रकल्पासही त्यांनी सल्ला दिला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे विलंबानेच आले.

निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत राहून अन्नातील भेसळ ओळखण्याचे सोपे उपाय त्यांनी लोकांना सांगितले. दुर्गाबाईंनी 'खमंग'मध्ये महाराष्ट्राच्या पाकसंस्कृतीचा मागोवा घेतला. कमलाबाईंनी त्याच अन्नाचे पोषणमूल्य प्रयोगशाळेत पारखले. एकाच घरातील दोन बुद्धिमत्ता दोन वाटांनी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचल्या.

१९९८ मध्ये दिल्लीत सत्कारसमारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात निवर्तल्या. ज्या विद्याक्षेत्राचे दार त्यांना सत्याग्रहाने उघडावे लागले होते, त्याच क्षेत्राने तो सत्कार योजिला होता.