पुण्याचे म्युनिसिपल कमिशनर जोतीराव फुले

आमच्या बऱ्हाणपुरातील कुंडी भंडाऱ्याची योजना अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीच्या काळी, 1615 च्या सुमारास, आकारास आली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, एकीमागून एक खोदलेल्या कुंड्यांच्या वाटेने, केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणण्याची ती करामत पाहावयास आजही दूरदूरचे लोक येतात. परंतु या कामास किती द्रव्य लागले व ते कोणाच्या पदरचे होते, हे तेव्हाच्या एखाद्या विणकराने सुभेदारास विचारल्याचे ऐकिवात नाही. पाणी आले तर ती सरकारस्वारीची कृपा आणि न आले तर आपले दैव, असा तो काळ होता.

नगरपालिकेची गोष्ट निराळी आहे. तेथील तिजोरीत पडणारा पैसा रहिवाशांच्या घरांतून जातो आणि म्हणून तो कोठे खर्ची पडला हे विचारण्याचा अधिकार त्या घरांस असतो. आज हे कोणासही पटेल. परंतु दीडशे वर्षांपूर्वी, नगरपालिका नुकत्याच उभ्या राहत असताना, भर सभेत असा प्रश्न विचारण्यास मोठे धैर्य लागे. ते ज्यांनी दाखविले त्या महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र या दृष्टीने वाचावे, असे आम्हांस वाटते. मुलींची शाळा काढणारे जोतीराव सर्वांस ठाऊक आहेत. 1876 ते 1882 या काळात पुण्याच्या म्युनिसिपालिटीत बसलेले जोतीराव मात्र पाठ्यपुस्तकांच्या धड्यांत सहसा भेटत नाहीत.

जोतीरावांचा जन्म 1827 साली पुण्यात झाला. घराणे मूळ साताऱ्याकडील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारली. वडील गोविंदराव यांनी मुलास शाळेत घातले, पण लोकांच्या सांगण्यावरून मध्येच काढून शेतीच्या कामास लावले. तेव्हा शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिट नावाचे साहेब या दोघांनी गोविंदरावांचे मन वळविले आणि 1841 साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एका फार्सीच्या पंडिताने व एका इंग्रजाने मिळून महाराष्ट्रास हा पुरुष दिला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

1848 साली त्यांनी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यापायी पुढे दोघांस वडिलांचे घर सोडावे लागले, ही हकीकत सुप्रसिद्ध आहे. ती येथे विस्ताराने सांगत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पेशव्यांच्या काळी विद्वान ब्राह्मणांस वाटली जाणारी दक्षिणा इंग्रज सरकारने काही अंशी चालू ठेवली होती. त्या रकमेपैकी काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांस मिळावा, असा अर्ज पुण्याच्या सुधारकांनी 1849 साली केला तेव्हा शहरात मोठा गहजब उडाला आणि जोतीराव अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे याच दक्षिणा फंडातून त्यांच्या शाळांस दरमहा 75 रुपये मिळू लागले. सार्वजनिक पैसा रूढीने एका वाटेने जात असला, तरी त्यास दुसरी वाट काढता येते, हे त्यांनी वयाच्या पंचविशीपूर्वीच पाहिले. त्यांच्या शाळांच्या परीक्षाही उघड्यावर, लोकांसमक्ष होत. काय शिकविले गेले ते ज्यास पाहावयाचे त्याने येऊन पाहावे.

पुढील काळात जोतीराव ठेकेदार झाले. खडकवासल्याचे धरण, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा सरकारी कामांशी त्यांचा संबंध आला. चुना किती लागतो, दगड किती लागतो, कागदावर किती लिहिला जातो आणि मजुराच्या हातावर शेवटी किती पडते, हे त्यांनी जवळून पाहिले. इमारत खात्यातील लबाडीवर त्यांनी पुढे जी कठोर टीका केली तिच्या मुळाशी हा अनुभव होता. आमच्या मते त्यांच्या सार्वजनिक जीवनाची ही बाजू शाळेइतकीच महत्त्वाची आहे. हिशेब न समजणाऱ्या भल्या माणसास फसविणे सोपे असते. जोतीराव भले होते आणि हिशेबीही होते.

1868 साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. 1876 साली सरकारने त्यांस पुण्याच्या म्युनिसिपालिटीवर नेमले. त्या काळी सभासदास कमिशनर म्हणत आणि बहुतेक सभासद सरकारच्या मर्जीतले असत. नेमणुकीच्याच सुमारास दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. 1877 साली जोतीरावांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडी येथे उपाशी मुलांच्या अन्नाची व्यवस्था केली. सकाळी भुकेली मुले पाहावयाची आणि दुपारी सभेत जाऊन शहराच्या खर्चाचे कागद वाचावयाचे, अशा दिवसांत मनुष्याची दृष्टी कशी होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

लवकरच कसोटीचा प्रसंग आला. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय पुण्यास येणार होते. त्यांच्या स्वागताच्या शोभेसाठी म्युनिसिपालिटीच्या फंडातून एक हजार रुपये खर्च करावे असा प्रस्ताव अध्यक्षांनी सभेपुढे ठेवला. सभासद 32. त्या सर्वांत एकट्या जोतीरावांनी प्रतिकूल मत दिले. त्यांचे म्हणणे असे की, ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करणे अधिक सत्कारणी लागेल. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. एक हजार रुपये म्हणजे काही राज्य बुडण्याजोगी रक्कम नव्हे, असे कोणी म्हणेल. आणि सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या स्वागतास हरकत घ्यावी हे शिष्टाचारास सोडून आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु त्या रकमेपूर्वी गाठीस असलेला आकडा आठवावा. दरमहा 75 रुपयांत मुलींच्या शाळा चालत. चार दिवसांच्या कमानी व दिवे यांसाठी तिच्या वर्षभराच्या अनुदानाहून मोठी रक्कम जावयाची होती!

दुसरा वाद मंडईचा. तोपर्यंत पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरे. त्याऐवजी मोठी दगडी इमारत बांधावी असा विचार पुढे आला. जोतीरावांनी यासही विरोध केला. येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते, कारण या प्रश्नास दोन बाजू होत्या. ऊनपावसात बसणाऱ्या माळणींस छप्पर हवे होते हे नाकारता येत नाही. आणि जोतीराव तर स्वतः त्याच समाजातले, मांजरीस शेती करणारे. तरी त्यांनी विरोध केला, तो मंडई नको म्हणून नव्हे, तर आधी काय हवे या प्रश्नावर. हातचा फंड मर्यादित असता भव्य इमारत आधी की प्राथमिक शाळा आधी? अंदाजपत्रक म्हणजे शेवटी हाच क्रम होय. आमच्या शहरातही संपत्तिकर व जलकर भरणाऱ्या प्रत्येक घरास हा प्रश्न पडतो. नगर निगमाच्या वार्षिक अंदाजपत्रकातील आकडे मोठे असले, तरी कोणत्या मोहल्ल्याची नाली आधी आणि कोणाची मागून, याचे उत्तर त्याच पानांत दडलेले असते.

1880 च्या जुलै महिन्यात त्यांनी दारूच्या दुकानांविषयी म्युनिसिपालिटीस पत्र लिहिले. शहराच्या आरोग्यासाठी म्युनिसिपालिटी एका हाताने पैसा खर्च करते आणि याच शहरात वाढणारी ही दुकाने कुटुंबांची धूळधाण करतात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली.

1882 साली शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर कमिशन आले. जोतीरावांनी 19 ऑक्टोबर रोजी आपले निवेदन सादर केले आणि त्याखाली व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर अशी आपली ओळख लिहिली. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्यास जातो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. लोकल फंडाचा निदान निम्मा भाग प्राथमिक शिक्षणासाठीच राखून ठेवावा, अशी त्यांनी मागणी केली. म्युनिसिपालिट्यांनीही आपल्या फंडातून शहरातील प्राथमिक शाळांचा भार उचलावा, असे त्यांचे मत होते. पुढील वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्यावरील करांचा व पट्ट्यांचा पाढाच वाचला आहे.

त्यांची सभासदत्वाची मुदत संपली, पण स्वभाव बदलला नाही. 1888 साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सत्कारसमारंभास ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि दागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे त्यांनी राजपुत्रास तोंडावर सांगितले. त्याच वर्षी मुंबईच्या लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली आणि त्याच वर्षी त्यांस पक्षाघात झाला. उजवा हात निकामी होताच ते डाव्या हाताने लिहू लागले. अखेरचे दिवस आर्थिक ओढगस्तीत गेले. लक्षावधींची कामे ज्यांच्या हातून गेली त्यांच्या घरी औषधपाण्याची चणचण होती. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांनी देह ठेवला.

मंडईची इमारत त्यांच्या हयातीतच, 1886 साली, उभी राहिली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती रे मार्केट म्हणून ओळखली जाई. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या म्युनिसिपालिटीत असताना त्यांच्या पुढाकाराने ते नाव बदलले. आज पुणेकर तिला महात्मा फुले मंडई म्हणतात.