अंदाजपत्रक वाचणारे बाबासाहेब

बाबासाहेबांचे चरित्र सांगताना महाडचे तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान आणि दीक्षाभूमी हे टप्पे आपल्या ओठांवर असतात. याच चरित्रात मुंबई कायदेमंडळाचा एक सभासदही आहे. अंदाजपत्रकातले आकडे हातात घेऊन तो सरकारला जाब विचारतो. चळवळीतल्या तरुणांनी आज त्याची ओळख करून घेणे फार गरजेचे आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. आई भीमाबाईंचे निधन तिथेच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. शिराळा, वाळवा हा वारणाकाठचा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत होता. वतनाची कामे, बलुत्याची भाकर आणि गावाबाहेरचा महारवाडा हे या भागातल्या गावगाड्याचे चित्र होते. वर्गात वेगळे बसण्याचा आणि पाण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहण्याचा अनुभव त्या मुलाने याच जिल्ह्यात घेतला.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या प्रबंधावर १९१५ मध्ये त्यांना एम. ए. मिळाली. १९१८ साली त्यांनी शेतीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान आहे एवढ्यावरून शेती तोट्याची ठरत नाही, त्या जमिनीवर भांडवल किती आणि माणसे किती हे पाहावे लागते, असे त्यांनी मांडले. शेतीवरचा जादा माणसांचा भार कमी करायचा तर उद्योग वाढले पाहिजेत, हा त्यांचा निष्कर्ष होता. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पुन्हा लंडन, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी.

१९२५ साली त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या विकासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८३३ पासून केंद्र आणि प्रांत यांच्यातली पैशाची वाटणी कशी बदलत गेली, याचा हा शोध आहे. कर कोणाकडून घेतला जातो, खर्च कोण ठरवतो आणि त्या खर्चाचा जाब कोणाला विचारायचा, हे तीन प्रश्न त्यांनी सरकारी कागदपत्रांच्या आधारे तपासले. जमीन महसूल आणि मिठावरचा कर गरिबाच्या पाठीवर, तर शिक्षण आणि सार्वजनिक बांधकामे मात्र उपेक्षित, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे मुंबई कायदेमंडळाच्या अंदाजपत्रकी अधिवेशनात सभासद याच ग्रंथाचा आधार घेऊ लागले. ज्याला शाळेत पाण्याला हात लावू दिला नव्हता, त्याच्या संशोधनावर विसंबून सभागृहात चर्चा होऊ लागल्या.

१९२७ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब स्वतःच त्या सभागृहात नियुक्त सभासद म्हणून बसले. २४ फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी करातली विषमता उघडी केली. प्राप्तिकरात ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला सूट होती. शेतसारा मात्र पीक बुडालेल्या लहान शेतकऱ्यालाही चुकत नव्हता. मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. त्या आठवड्यांतच, २० मार्चला, महाडचा सत्याग्रह झाला. सभागृहातला आकडा आणि तळ्यावरचे पाऊल ही एकाच लढ्याची दोन अंगे होती.

मार्च १९२८ मध्ये त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. महार वतनदाराला कामाची वेळ ठरलेली नव्हती, मोबदला तुटपुंजा होता आणि तो हरघडी गावाच्या मर्जीवर अवलंबून होता. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, कर्तव्ये निश्चित व्हावीत आणि ज्याला वतन सोडायचे त्याला मोकळे होता यावे, अशी त्यांची योजना होती. सरकारचा विरोध मोडता आला नाही आणि १९२९ मध्ये ते विधेयक मागे घ्यावे लागले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी त्याच मागणीसाठी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला, कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा १९५८ चा कायदा मात्र त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. सभागृहात हरलेला अभ्यास वाया जात नाही, हेच यातून दिसते.

१९५६ मध्ये त्यांनी आपल्याला बुद्धाच्या धम्माकडे नेले. ऐकीव गोष्ट प्रमाण मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही बुद्धाची शिकवण. बाबासाहेबांनी सरकारी जमाखर्च त्याच नजरेने तपासला होता.

आज शिराळ्यात नगरपंचायत आहे, सांगलीत महानगरपालिका आहे. दरवर्षी तिथे अंदाजपत्रक मंजूर होते. मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी किती रक्कम दाखवली, प्रत्यक्ष किती खर्च झाली, वस्तीतल्या गटारावर, दिव्यावर, अभ्यासिकेवर किती आली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज हाताशी आहे. जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक मंडळातल्या दोन तरुणांनी यंदा आपल्या नगरपंचायतीचे किंवा ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मिळवावे, विहारात बसून सर्वांसमोर वाचावे आणि त्यातून निघालेले प्रश्न लेखी स्वरूपात सभागृहापर्यंत पोहोचवावेत. शिका या शब्दात हेही शिकणे येते.

जय भीम!