मैदान न सोडणारा नागपूरकर : कर्नल सी. के. नायडू



आपल्या स्मरणिकेच्या पानांतून आपण आजवर अनेक विद्वानांची, समाजसुधारकांची आणि शिक्षणासाठी झिजलेल्या थोरांची चरित्रे वाचली आहेत. यंदा मी आपल्यासमोर एका खेळाडूचे चरित्र ठेवणार आहे. कदाचित आपणास वाटेल की, शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत खेळाडूचे काय काम? त्याचे कारण प्रथम सांगतो.

सकाळच्या प्रार्थनेला मुले रांगेत उभी राहतात. दहा-पंधरा मिनिटे झाली की एखाद्याला भोवळ येते आणि त्याला धरून सावलीत बसवावे लागते. वय वर्षे चौदा! पालक सभेच्या दिवशी चाळीशीचे वडील दोन जिने चढून वर येतात आणि आधी खुर्ची शोधतात. कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचे खेळणे बंद होते, मुलगा दहावीत गेला की त्याचे. मग उरते ते पुस्तक, शिकवणी आणि मोबाईल. आणि दुसऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी स्वतःकडे पाहिले पाहिजे. शिक्षक झाल्यानंतर मीही अनेक वर्षे खडू आणि खुर्ची यांपलीकडे शरीराला काही काम दिले नव्हते. मुलांना पळायला सांगणारा मी स्वतः पळत नव्हतो आणि मुलांच्या ते लक्षात येत होते.

व्यायाम चांगला, हे कोणाला ठाऊक नाही? पहिलीतले मूलही ते सांगेल. अडचण ज्ञानाची नाही, अडचण आहे नेमाची. पहिले चार दिवस उत्साह असतो, पाचव्या दिवशी पाऊस येतो, सहाव्या दिवशी पाहुणे येतात आणि सातव्या दिवशी सर्व काही संपते. म्हणूनच मला अशा माणसाचे चरित्र सांगावेसे वाटले, ज्याने विसाव्या वर्षानंतर सुरू केलेले काम अडुसष्टाव्या वर्षापर्यंत सोडले नाही. हा माणूस दूरदेशीचा नव्हे, आपल्याच नागपूरचा.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे तेलुगू, परंतु नागपुरात स्थिरावलेले. वडील वकील होते. शिक्षण येथील हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूलमध्ये झाले. खेळाची ओढ लहानपणापासूनची. त्या काळी नागपूर हे क्रिकेटच्या नकाशावरचे मोठे गाव नव्हते. मोठे सामने व्हायचे ते मुंबईत, पुण्यात. विदर्भातील मुलाने तेथे नाव काढावे ही गोष्ट सोपी नव्हती.

ती संधी १९१६ मध्ये आली. मुंबईच्या प्रसिद्ध स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध ते प्रथम खेळले. आपल्या संघाचे बहुतेक गडी बाद झालेले असताना हा उंच, सडपातळ तरुण मैदानात उतरला. पहिले काही चेंडू त्याने शांतपणे अडवले आणि मग पहिली धाव काढली ती थेट षटकाराने! त्या दिवसापासून लोक त्यांना ओळखू लागले.

१९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना आपल्याकडे बोलावून घेतले व आपल्या सैन्यात अधिकारी केले. पुढे सर्वजण त्यांना कर्नल म्हणू लागले ते यामुळेच. आयुष्यभर त्यांच्या खेळात ही लष्करी शिस्त दिसली. क्षेत्ररक्षणात ढिलाई, सरावाला उशीर, किरकोळ दुखण्याचे निमित्त या गोष्टी त्यांच्या संघात चालत नसत. खेळाडू त्यांना वचकून असत. परंतु जे ते दुसऱ्याकडून मागत, ते आधी स्वतः करत. म्हणून त्यांच्या कडकपणाला वजन होते.

१ डिसेंबर १९२६ हा दिवस भारतीय क्रिकेटच्या इतिहासात कोरला गेला आहे. इंग्लंडहून आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर नायडूंनी सुमारे दोन तासांत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार आणि १३ चौकार होते. भारतीय खेळाडू इंग्रजांच्या बरोबरीने खेळू शकतात, याची खात्री पाहणाऱ्यांना पटली. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारत पहिला कसोटी सामना खेळला.

हा सामना २५ जून १९३२ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर सुरू झाला. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. त्यांनी मोठ्या मनाने बाजूला होऊन आपली जागा योग्य खेळाडूला दिली. उपकर्णधार लिंबडीचे राजकुमार दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत आणि नागपूरचा हा सुपुत्र भारताचा पहिला कसोटी कर्णधार झाला. त्या अकरा जणांची नावे आपल्या मुलांनी जरूर वाचावीत. महंमद निसार, जहांगीर खान, वझीर अली आणि नझीर अली हे चौघे मुस्लिम. कोला आणि पालिया पारशी. लाल सिंग शीख. यष्टीरक्षक जनार्दन नवले आपले मराठी. निसार यांनी आरंभीच इंग्लंडच्या दोन्ही सलामीवीरांचा त्रिफळा उडवला आणि १९ धावांत ३ गडी बाद अशी इंग्लंडची अवस्था झाली. सामना आपण १५८ धावांनी हरलो हे खरे. परंतु पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा कर्णधाराने केल्या आणि त्याही क्षेत्ररक्षण करताना दुखावलेल्या हाताने. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा काढल्या. विस्डेन या इंग्लंडच्या मान्यवर वार्षिकाने १९३३ मध्ये त्यांची वर्षातील पाच सर्वोत्तम खेळाडूंत निवड केली.

मित्रांनो, येथपर्यंतची कथा यशाची आहे. माणसाची खरी परीक्षा यापुढे असते. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधारपद नायडूंना मिळाले नाही. ते विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले, ज्यांची खेळातील योग्यता नायडूंच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. नायडू तेव्हा चाळिशीत होते. मान गेला म्हणून रुसून घरी बसायला हे वय आणि हे कारण पुरेसे होते. परंतु ते साधे खेळाडू म्हणून गेले. ओव्हल मैदानावर, आपल्या शेवटच्या कसोटीत, इंग्रज गोलंदाजांचा मारा अंगावर घेत त्यांनी ८१ धावा केल्या. सातही कसोटींत मिळून ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या ठरली.

कसोटी क्रिकेट संपले, पण नायडू थांबले नाहीत. पुढील आकडे मी मुद्दाम वयासह देतो. पन्नासाव्या वर्षी, १९४५-४६ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने हा करंडक चार वेळा जिंकला. छप्पन्नाव्या वर्षी, मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकर यांचा वेगवान चेंडू त्यांच्या तोंडावर बसला व दात तुटले. तरी ते तंबूत परतले नाहीत, खेळत राहिले. एकसष्टाव्या वर्षी, १९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेश संघाकडून रणजी सामने खेळले आणि शेवटच्या डावात त्यांनी ५२ धावा केल्या. आणि अडुसष्टाव्या वर्षी, १९६३ मध्ये, महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या संघाकडून मुख्यमंत्र्यांच्या संघाविरुद्ध ते अखेरचे मैदानात उतरले. १९१६ ते १९६३, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे! १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

हे कसे साधले? शरीर काही एका रात्रीत घडत नाही आणि साठीतला माणूस सहा महिन्यांच्या तयारीवर रणजी सामना खेळू शकत नाही. मला या चरित्रात तीन गोष्टी दिसतात. पहिली, त्यांनी कष्टाला आवडीची जोड दिली. ज्याला खेळ प्रिय आहे त्याला रोज उठण्यासाठी दुसरे कारण शोधावे लागत नाही. दुसरी, त्यांनी खंड पडू दिला नाही. मान मिळो वा जावो, वय वाढो, दात तुटो, मैदान सुटले नाही. एकदा सुटलेला नेम पुन्हा धरणे हे नवा नेम धरण्यापेक्षा अवघड असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ते एकटे राहिले नाहीत, आपल्यामागे दुसऱ्याला घेऊन चालले.

इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली नावाचा एक मुलगा होता. वय अवघे तेरा. नायडूंनी त्याचा खेळ पाहिला आणि त्याला जवळ करून घडवले. जानेवारी १९३४ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो कलकत्त्यात इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. त्या वेळी कर्णधार नायडूच होते. १९३६ मध्ये मँचेस्टरला विजय मर्चंट यांच्यासह २०३ धावांची सलामी देताना मुश्ताक अलींनी ११२ धावा केल्या आणि परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. मुंबईच्या जातवार स्पर्धेत गुरू हिंदू संघात आणि शिष्य मुस्लिम संघात असे, तर इंदूरला दोघे एकाच होळकर संघात. मैदानावरचे संघ बदलले, गुरुशिष्याचे नाते बदलले नाही. पालकहो, आजच्या दिवसांत ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगा.

आता आपल्याकडे वळू. आपल्यापैकी कोणालाही लॉर्ड्सवर जायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे इतकेच आहे की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे आणि मोठ्यांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे शरीराला घाम फुटेल अशी हालचाल करावी. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. फजरच्या नमाजनंतर घरी येऊन पुन्हा पांघरूण न घेता तसेच चालत सुटलो तरी हे काम होते. मे महिन्यातील नागपूरच्या उन्हात याहून चांगली वेळ दुसरी नाही. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, कोठेही जा. दूर जाणे शक्य नसेल तर मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यात फेऱ्या मारा. एकट्याने जाऊ नका, शेजाऱ्याला हाक मारा. कोणी वाट पाहत आहे हे माहीत असले की माणूस उठतो. रमजानमध्ये वेळ बदलावी, प्रमाण कमी करावे, पण नेम तोडू नये. ज्यांना हृदयविकार किंवा अन्य आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

मुलींविषयी एक शब्द. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्यासह धावण्याची शर्यत लावली होती, हे हदीसमध्ये नमूद आहे. मग आपल्या मुलींचे धावणे आठवीतच का थांबावे? सोयीची जागा, योग्य पोशाख आणि सोबत यांची व्यवस्था करणे हे आपले, मोठ्यांचे काम आहे. आणि परीक्षेचे वर्ष आहे म्हणून मुलाचा खेळ तोडणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे की, थकलेल्या शरीरात अभ्यास टिकत नाही.

गेल्या काही महिन्यांपासून मी शाळा भरण्यापूर्वी मैदानाला फेऱ्या मारतो. पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांत दम लागला आणि मुले हसली. मी काही बोललो नाही. आठवड्याने त्यांतली दोघे माझ्याबरोबर धावू लागली, आज दहा-बारा जण असतात. उपदेशाने जे झाले नव्हते ते दोन फेऱ्यांनी झाले.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या गावात तुम्ही राहता त्या गावात भारताचा पहिला कसोटी कर्णधार जन्मला. त्याच्याइतक्या धावा तुम्हाला करता येतील न येतील, पण त्याच्यासारखे मैदान न सोडणे तुमच्या हाती आहे. आणि पालकहो, मुलाला मैदानावर पाठवू नका, घेऊन जा. उद्या सकाळीच!