गावचं कुलकर्णीपण सोडून तमाशात गेलेले पठ्ठे बापूराव

रेडिओ, टीव्ही आणि रील्स येण्याच्या कितीतरी आधी नाचाची गाणी महाराष्ट्रभर व्हायरल व्हायची. ती व्हायची तमाशाच्या फडातून, आणि त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव होतं पठ्ठे बापूराव.

त्यांचं खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६ सालचा, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं.

घर ब्राह्मणाचं, त्यात गावचं कुलकर्णीपण. म्हणजे सारा, जमीन आणि दप्तराचा हिशेब या घराच्या हातात. पण श्रीधरचा जीव रमला ढोलकी आणि तुणतुण्यात. तमाशाचे फड तेव्हा प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या कलावंतांचे होते. ब्राह्मणाच्या पोराने त्यांच्यासोबत राहायचं, जेवायचं, गायचं म्हणजे जातीबाहेर जाणंच. बापूरावांनी ते पत्करलं. घर सुटलं, मान गेला, पण फड सुटला नाही.

गण, गौळण, लावणी, वग असं सगळं त्यांनी रचलं. त्यांचा 'मिठाराणी' हा वग गाजला. त्यांनी दोन लाख लावण्या रचल्या असं सांगितलं जातं. आकडा बाजूला ठेवला, तरी त्यांच्या रचनांशिवाय तमाशाचं पान हलत नव्हतं, हे खरं.

पण या यशात अर्धा वाटा पवळाचा होता. पवळा हिवरगावकर संगमनेर तालुक्यातल्या, महार समाजातल्या. तमाशात बाईचं काम पुरुष 'नाच्या' करायचा, त्या काळात फडावर उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. शब्द बापूरावांचे, आवाज आणि अदा पवळाची. या जोडीने मुंबईची थिएटरं गाजवली.

दोघांनीही जातीची चौकट मोडली, पण किंमत सारखी नव्हती. बापूरावांनी हाती असलेला मान सोडला. पवळाला तो मान मुळात कधी मिळालाच नव्हता. याच मुद्द्यावरची एक आठवण सांगितली जाते. महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी देऊ केलेले पैसे डॉ. आंबेडकरांनी नाकारले. दलित स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, अशी त्यामागची भूमिका होती.

पुढे ही जोडी फुटली. बापूरावांची उतारवयातली वर्षं हलाखीत गेली आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पाच वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांच्या आयुष्यावर राजा नेने यांनी सिनेमा काढला. त्याचं नाव होतं 'पठ्ठे बापूराव'.

बापूरावांच्या लावण्या आजही गायल्या जातात. ज्या गळ्याने त्या आधी लोकांपर्यंत पोहोचवल्या, त्या पवळाचं नाव मात्र फार थोड्यांना आठवतं.