इंजिनिअर होता होता राहिलेला होमी आणि आपला उडीद

घरच्यांना पोरगा इंजिनिअर व्हायला हवा, पोराला ओढ भलत्याच विषयाची. लातूरच्या क्लासेसमध्ये आज दिसणारी ही ओढाताण १९२७ सालीही होतीच. मुंबईच्या श्रीमंत पारशी घरातला होमी भाभा त्या वर्षी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला केंब्रिजला गेला. वडील आणि नात्यातले दोराबजी टाटा यांचा हिशेब सरळ होता. शिकून आला की जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लावायचं. पण तिकडे त्याला फिजिक्सनं झपाटलं. हे काम आपलं नाही, असं त्यानं वडिलांना पत्रातून कळवूनच टाकलं. वडिलांनीही अट घातली : आधी इंजिनिअरिंगचा फर्स्ट क्लास आण, मग बघू. १९३० मध्ये पठ्ठ्यानं तो आणला!

मग तो शिरला अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांत. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यानं एक कोडं सोडवलं. वरून येणारा वेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या अणूजवळून जाताना गामा किरण सोडतो. त्या गामा किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, ती पुन्हा गामा सोडते. बघता बघता एकाचे हजारो होतात.

आता हे गामा म्हणजे काय? रेडिओच्या लहरी, मोबाईलचा सिग्नल, टीव्हीच्या रिमोटमधले इन्फ्रारेड, डोळ्यांना दिसणारा उजेड, उन्हातले अल्ट्राव्हायोलेट, हाड मोडल्यावर काढतात तो एक्स-रे आणि गामा, ही सगळी एकाच कुटुंबातली भावंडं. सगळ्यांचा वेग सारखाच, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. फरक लहरीच्या लांबीचा. लहर जितकी आखूड, तितकी ताकद जास्त. गामा सगळ्यांत आखूड, म्हणून तो पेशीतली जनुकंही बदलू शकतो. मोबाईलच्या लहरीत तेवढा दम नसतो. टॉवरवरून गावात भांडणं होतात तेव्हा हा फरक कुणी सांगत नाही.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीला भारतात आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. आधी बंगळूर, मग १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी. चित्रं काढणारा, पाश्चात्त्य संगीतात रमणारा हा माणूस बाग कशी असावी यातही लक्ष घालायचा. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळलं आणि वयाच्या ५६ व्या वर्षी सगळं थांबलं. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव मिळालं.

त्या केंद्रातून पुढे जे निघालं ते त्यांनी पाहिलंच नाही. कॅन्सरवर गामा किरण सोडणारं ‘भाभाट्रॉन’ मशीन. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून दिला जाणारा गामाचा डोस. (त्यानं कांदा किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढल्यावर आपण होतो का?) आणि माहूर-किनवटच्या शेतकऱ्याला जवळचं म्हणजे बियाणं. ट्रॉम्बेत किरणांचा मारा करून बदललेली रोपं निवडली, त्यांचा दुसऱ्या वाणांशी संकर केला आणि पैनगंगेपलीकडच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत नवी वाणं काढली. भुईमुगाचं टीएजी-२४ त्यातलंच. उडदाचं टीएयू-१ सुद्धा. यातला टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला आणि यू म्हणजे आपला उडीद.