खिळे घासणारा मुलगा : जावजी दादाजी चौधरी

अफझलगंजला मुसीच्या काठावरची स्टेट सेंट्रल लायब्ररी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. जुनी मंडळी तिला अजूनही आसफिया म्हणतात. १८९१ साली सुरू झालेले हे ग्रंथालय १९३६ मध्ये आजच्या भव्य इमारतीत आले. अशा कोणत्याही जुन्या ग्रंथालयात संस्कृत किंवा मराठी पुस्तके चाळू लागलो की एक नाव हमखास भेटते : निर्णयसागर छापखाना, मुंबई. हा छापखाना काढणाऱ्या माणसाची ओळख नव्या पिढीला व्हावी म्हणून हा लेख.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब मराठा कुटुंबात झाला. शाळा फारशी नशिबी आली नाही. दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर कामाला लागले. काम होते टाइप घासण्याचे. छापण्याच्या टाइपांना आपल्याकडे खिळे म्हणत. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडा खरबरीत असतात. त्या घासून सारख्या केल्या नाहीत तर ओळ सरळ बसत नाही. हे काम पोराटोरांचेच समजले जाई. जावजींनी मात्र ते करता करता सगळा कारखाना नजरेखालून घातला.

त्या वेळी देवनागरीचा खिळा करणे सोपे नव्हते. आधी पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचा वितळलेला रस ओतायचा. इंग्रजीला २६ अक्षरे, त्यांची मोठी रूपे आणि अंक-चिन्हे एवढ्यावर भागते. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून कित्येक शे खिळे लागतात. मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी या अडचणीवर पुष्कळ मेहनत घेतली होती. गणपत कृष्णाजी हेही त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. तोवर पंचांग हाताने नकलून घ्यावे लागे, त्यामुळे ते ठरावीक घरांतच असे.

जावजींनी पुढे इंदुप्रकाशसारख्या छापखान्यांतही नोकरी केली. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. अक्षरे कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू हे त्यांचे जिवाभावाचे सहकारी. भांडवल बेताचेच होते, पण राणोजींचा हात आणि जावजींची चिकाटी ही त्यांची खरी पुंजी होती. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला. त्याचे पंचांग घरोघरी गेले. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठीचे 'बालबोध' मासिक तेथे छापले जाऊ लागले. १८८६ मध्ये पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली 'काव्यमाला' सुरू झाली. तिच्यामुळे दुर्मिळ संस्कृत काव्ये देशात आणि परदेशातही अभ्यासकांच्या हाती पडली. ज्याला स्वतःला शाळा मिळाली नाही, त्याच्या खिळ्यांवर विद्वान आणि शाळकरी मुले दोघेही वाचू लागले. ५ एप्रिल १८९२ रोजी जावजी वारले. पुढे त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी व्यवसाय सांभाळला.

आपल्या हैदराबादकरांना या कामाचे मोल जरा जास्त कळावे. अफझलगंजहून नयापूल ओलांडला की छत्ता बाजार येतो. तेथे कातिबांची परंपरा होती. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांत बसवणे फार अवघड, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे संगणक येईपर्यंत बहुतांशी कातिबांच्या हातची अक्षरे छापत राहिली. त्या अक्षरांचे सौंदर्य वेगळेच, पण प्रत्येक पान कोणाला तरी हाताने लिहावेच लागे. मराठीची ही अडचण जावजींसारख्यांनी शंभर वर्षे आधी दूर केली होती.

तरीही नुसत्या खिळ्यांनी समाज साक्षर होत नाही. १९०१ च्या जनगणनेत निजामाच्या राज्यात शंभरातल्या जेमतेम तीन माणसांना लिहितावाचता येत होते. स्वस्त पुस्तक दारात आले तरी वाचायला शिकवणारे कोणी हवे होते. १९०७ मध्ये आपल्या शहरात विवेकवर्धिनी शाळा निघाली ती याच गरजेतून.

जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे, ही आम्हा बँकवाल्यांची सवय. देवनागरीचे खिळे सुबक आणि स्वस्त झाले, तशी मोडी मागे पडली. मोडीचेही खिळे झाले होते. सेरामपूरला तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोडीत मराठी पुस्तके छापली गेली. पण छापाचा व्यवहार बाळबोध लिपीने जिंकला आणि मोडी हिशेबापुरती, खासगी पत्रांपुरती उरली. स्वातंत्र्यानंतर ती शाळांतूनही गेली. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबा-पणजोबांची खरेदीखते, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या आहेत आणि घरातल्या एकालाही त्या वाचता येत नाहीत. कागद आपला, नाव आपले, तरी तो वाचायला जाणकार शोधावा लागतो.

लेखनाचे नवे साधन अनेकांना आत घेते आणि कोणाला तरी बाहेर ठेवते. बँकेत हाताने लिहायची लेजरे जाऊन संगणक आले, तेव्हाही हे पाहिले. आता मोबाइल आला आहे. त्यावर देवनागरी उमटवायला ना शिसे लागते ना साचा. तरी आपली नातवंडे आजीला मराठीत निरोप धाडतात तो इंग्रजी अक्षरांत. बोलतात छान, पण पाटी वाचताना अडखळतात. आणखी दोन पिढ्यांनी आपली पत्रेही मोडीसारखी बंद पेटीत पडून राहतील काय?

उपाय अवघड नाही. घरातल्या प्रत्येक मुलाच्या मोबाइलवर मराठी कळफलक सुरू करून द्यावा आणि आजी-आजोबांनी देवनागरीतल्या निरोपालाच उत्तर द्यावे. मोडी जाणणारे कोणी सभासद असतील तर त्यांनी मंडळाला अवश्य कळवावे. रविवारी दोन तास बसलो तरी पुष्कळ पेट्या उघडतील.